तीनशे घोड्यांचा भादवा

भादवा लागला की आमच्या जालन्याकडच्या कपाशीत लाल टोप्या दिसायला लागतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, झाडांवर काही रोग पडला. रोग नाही, तो क्रॉसिंगचा हंगाम. बियाणे कंपनीसाठी प्लॉट घेतला की उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी नखानं सोलायची, पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे आणि उरलेल्या नाजूक दांडीवर शरबत प्यायच्या नळीचा लाल तुकडा चढवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून परागासाठी लावलेल्या नराच्या ओळीतलं ताजं फूल त्या दांडीवर हळूच फिरवायचं. दुपार झाली की खेळ खलास. ज्या कळीला फूल लागलं नाही, ती गळून पडते. महिना-दीड महिना हेच चालतं, आणि बायांच्या नखांतली हिरवी घाण दिवाळीपर्यंत जात नाही.

यंदाही परवा गावाकडे जाताना ऑटोतून टोप्या दिसल्या. ओल्या काळ्या मातीचा वास आला, बांधावर भाकरीची फडकी दिसली, बायांचं एकमेकींना हाका मारणं ऐकू आलं. एवढं सगळं पाहून माणसाचं मन भरून यावं. माझं डोकं तापलं. कारण हा हंगाम आला की मला आधी एक गाडी आठवते. काळी, बुटकी, जर्मन, तिच्या जातीतली सगळ्यात जोरकस आणि माझ्या मते जालना जिल्ह्याच्या रस्त्यावर आलेली सगळ्यात निरुपयोगी वस्तू.

ती माझ्या धाकट्या दिराची, विलास भाऊजींची. आम्ही दोघं नवरा-बायको नवीन जालन्यात राहतो, मी एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम करते. भाऊजी आणि माझी जाऊ मंगल गावाकडे. मोठा महामार्ग आला तो भाऊजींच्या वाट्याच्या वावरातून, नेमका विहिरीवरून गेला. जमिनीची भरपाई म्हणून मावेजा मिळाला. गावात मावेजा आला आणि त्याच्या मागोमाग जुन्या गाड्यांचे दलाल आले. पेरणीनंतर बगळे येतात, तसे पांढरे कपडे घालूनच आले. त्यांच्याकडची प्रत्येक गाडी पुण्याच्या डॉक्टरची असते आणि तो डॉक्टर ती फक्त रविवारी चालवत असतो. इतकी जपलेली, इतकी लाडकी गाडी हे डॉक्टर लोक आमच्याच गावच्या माणसांना का देऊन टाकतात, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मी विचारला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला गाडीतलं काय कळतंय? लई पावरफुल मशीन हाये. तीनशे घोडे!"

घोडे मला कळतात. आमच्याकडे शेंबडं पोरही घोडे मोजतं, पण ते मोटरीचे. त्या बुजवलेल्या विहिरीवर पाच घोड्यांची मोटर होती. लाइट आली की घूं करून सुरू व्हायची, पाटाला पाणी सोडायची, आणि तेवढ्यावर गहू, हरभरा, दोन म्हशी आणि आमच्या सासऱ्यांचा सगळा तोरा निघायचा. तिला कुणी हार घातला नाही की तिच्यासोबत फोटो काढला नाही. पाच घोडे देऊन तीनशे घेतले म्हणजे फायदाच झाला, असा भाऊजींचा हिशेब. ते तीनशे घोडे खातात किती आणि ओढतात काय, हे बघायची गरज त्यांना वाटली नाही. ओढत होते ते एकट्या विलास भाऊजींना, गावातून चौकापर्यंत, चहा प्यायला.

आमच्याकडे नवी गाडी आली की पहिली फेरी राजूरच्या गणपतीला. जुनी घेतली तरी ती आपल्याला नवीच, म्हणून तिलाही राजूर. चतुर्थीचा दिवस, मंदिराच्या रस्त्यावर ट्रॅक्टरपासून मोटरसायकलपर्यंत झेंडूचे हार घातलेली वाहनं, आणि त्यांच्यात ही काळी बया. पुजाऱ्यानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली. भाऊजींचं तेवढ्यानं भागेना. गाडी म्हणजे लक्ष्मी, लक्ष्मीची ओटी भरली पाहिजे. त्यांनी चांगला मोठा लाल कपडा घेतला, त्यात नारळ गुंडाळला, आणि गाडीच्या नाकावर जी जाळी असते तिच्यावर तो कपडा ताणून तारेनं बांधून टाकला. पुढे मी दहादा सांगितलं, भाऊजी, ती जाळी वारा घ्यायला असते, ते सोडा आता. तर म्हणाले, "देवाचं बांधलेलं हाये, आपल्या हातानं सोडू नये." म्हणजे इंजिन जर्मनीत बनवणाऱ्यांनी जिथून श्वास घ्यायची सोय केली, तिथं आम्ही ओटी भरली. हे फक्त आम्हीच करू शकतो.

आणि त्या गाडीचा रुबाब तरी काय! शंभराचा वेग गाठायला पाच सेकंद, असं भाऊजी भेटेल त्याला सांगायचे. नवीन जालन्यात स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत यायला मात्र त्यांना ऑटो आणि मोटरसायकलींच्या मागे अर्धा तास लागायचा, आणि प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट असं खरवडायचं की माझे दात आंबायचे. गतिरोधकाआधी आतल्या माणसांना उतरवायचं, गाडी तिरकी घालून पार करायची, मग पुन्हा बसायचं. तीनशे घोडे आणि आम्ही मागून चालत. एकदा आमच्या शेजारच्या लोखंडवाल्या शेठजींनी हे पाहिलं. मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्या इथं, जालन्यात निम्म्या इमारतींना त्यांचं लोखंड. ते स्वतः एका जुनाट पांढऱ्या डबड्यातून एमआयडीसीत जातात. गच्चीवरून म्हणाले, "विलासभाऊ, गाडी जबरदस्त है. बस, रस्ता अलग मंगवाना पडेगा." भाऊजींना ते कौतुक वाटलं. दोन दिवस सांगत फिरले.

गाडीच्या काचेखाली नेहमी एक पिवळा दिवा पेटलेला असायचा. कधी दोन. "सेन्सरचं हाये, वहिनी, इंजिन बराबर हाये," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा उंदरांनी वायरी कुरतडल्या, एकदा गिअर बदलेना, एकदा नुसतीच रुसली. दर वेळी ती ट्रकवर बसून संभाजीनगरला जायची आणि नव्या नवरीसारखी कौतुकानं परत यायची. मला तर वाटतं, तिनं स्वतःच्या चाकांवर जेवढा प्रवास केला त्याहून जास्त दुसऱ्याच्या पाठीवर केला असेल. आमच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळ्या करतात. त्या रस्त्यानं जाताना मी मुद्दाम भट्ट्यांच्या धुराकडे आणि मग गाडीकडे बघायचे. भाऊजी समजायचे आणि काच वर घ्यायचे.

मला त्या गाडीचा तिटकारा होता, हे मी लपवत नाही. पण खरा संताप होता तो मंगलसाठी. विहीर गेली, पण महामार्गाच्या पलीकडच्या कडेला वावराचा एक तुकडा उरला होता. मंगलनं त्याच्यात शेजाऱ्याकडून पाणी घेऊन क्रॉसिंगचा प्लॉट लावायचं ठरवलं. तिचा पहिला प्लॉट. कंपनीत मी शब्द टाकला. इकडे त्या तुकड्यावर हॉटेलवाल्यांचा डोळा होता, महामार्ग दिसतो म्हणून. आणि भाऊजींनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "ह्या साली प्लॉट फसला तं वावर देऊन टाकू. गाडीला नवं इंजिन टाकू, मंग दहा साल बघायचं काम न्हाई." दुसऱ्या दिवसापासून मंगल बायांच्या आधी वावरात जायला लागली आणि बायांच्या नंतर घरी यायला लागली. तिच्या हातात तेवढंच होतं.

मी त्या भादव्यात रजा काढून गावी गेले. त्या दिवसांतलं बरंचसं अजून बोटांत आहे. कळी सोलताना होणारा बारीक टक् आवाज. पाकळ्यांचा चिकट ओलावा. संध्याकाळी पश्चिमेकडचं ऊन टोप्यांवर पडलं की सगळं वावर पेटल्यासारखं दिसायचं. बायांची मुकादम शांताबाई ओळीतून ओरडायची, "नख हळू लावा गं, कळी हाये, वांगं न्हाई!" मधेच महामार्गावरून एखादी गाडी सुसाट जायची. बाया मान वर करायच्या नाहीत. तो रस्ता त्यांच्या डोक्यावरून गेला होता, त्यांच्या कामाचा नव्हता. त्यावर ना ऑटो जाऊ शकत, ना मोटरसायकल, ना पायी माणूस.

हंगामाच्या ऐन भरात एक संध्याकाळ अशी आली की कळ्या मोजता येईनात. बायांनी अंधार पडेपर्यंत सोलल्या. शांताबाई म्हणाली, "मंगल, उद्याचा दिवस साधला तं प्लॉट पास." आणि पहाटे पाऊस आला. टोप्यांखालच्या दांड्या वाचल्या, पण नराच्या ओळींना टोप्या नव्हत्या, त्यातली फुलं भिजून चिंब झाली. भिजलेल्या फुलाचा काही उपयोग नसतो. सकाळी मंगल एक फूल हातात घेऊन उभी होती, ओला पराग तिच्या बोटाला लागत होता आणि ती ते बोट पदराला पुसत होती. रडत नव्हती. मला ते जास्त वाईट वाटलं.

मी ऑफिसला फोन लावला. त्याच वाणाचा प्लॉट तीन-चार गावं सोडून एका शेतकऱ्याकडे होता, तिकडे पावसाचा थेंब नव्हता. तो फुलं द्यायला तयार झाला. आता मोटरसायकल काढायची, फुलं आणायची, दुपारच्या आत बायांच्या हातात द्यायची. एवढं सोपं होतं. तेवढ्यात विलास भाऊजी किल्ली फिरवत आले.

"मोटरसायकल कामून? आपली गाडी हाये ना! वहिनी, तुम्ही फक्त टोपली धरून बसा. जल्दी आणतो, बिलकुल टेन्शन घेऊ नका."

मी नको म्हणणार होते. पण मंगल म्हणाली, "जा ताई तुम्ही सोबत." तिच्या मनात काय होतं ते मला कळलं. टोपलीवर आणि माणसावर, दोन्हीवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं.

जाताना साध्या रस्त्यानं गेलो. खड्डे आले, पोट खरवडलं, मी दोनदा उतरले, पण पोचलो. फुलं घेतली. पिवळसर, कोरडी, टवटवीत फुलं, टोपलीत फडक्याखाली. परत फिरताना भाऊजींनी गाडी उलट्या दिशेला वळवली.

"इकडं कुठं?"

"महामार्गानं जाऊ. वहिनी, ह्या गाडीला तिच्या लायकीचा रस्ता तं द्या एकदा. आपल्याच वावरावरून नेतो तुम्हाला. कळणार बी न्हाई कवा गेलं."

म्हणजे महामार्गावर चढायला मागे जायचं, गावावरून पुढे निघून जायचं, पुढच्या फाट्याला उतरायचं आणि पुन्हा गावाकडे यायचं. वीस मिनिटांच्या रस्त्याला हा वळसा, का तर दोनशेच्या वेगानं स्वतःच्या गेलेल्या वावरावरून जायचं. मी बोलले, "भाऊजी, मांडीवर फुलं आहेत, वरात काढायची नाही." त्यांनी ऐकलं नाही. वर चढलो आणि त्यांनी पाय दाबला.

खोटं कशाला बोलू, गाडी पळाली. माझी पाठ सीटला चिकटली आणि विलास भाऊजींच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ते मला लग्नातल्या फोटोतले, विशीतले वाटले. ते काही तरी गुणगुणायलाही लागले होते. मग पिवळ्या दिव्याशेजारी लाल दिवा लागला. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली. तीनशे घोड्यांनी एकदम मान टाकली. चढालासुद्धा नाही, सरळ, सपाट, काचेसारख्या रस्त्यावर गाडी रिकाम्या बैलगाडीच्या चालीनं सरकायला लागली. मागून एक टमाट्यांचा टेम्पो आला आणि हॉर्न वाजवून पुढे निघून गेला. नाकावरच्या लाल कपड्यातून वाफ निघत होती. जळक्या काकवीसारखा गोड वास आला आणि गाडी कडेला जाऊन उभी राहिली.

मी खाली उतरले. भराव उंच होता. खाली पाहिलं तर लाल टोप्यांचं वावर. आमचंच. बांधावर ओळीनं बसलेल्या बाया, आणि उभी असलेली एकटी मंगल. ती हाकेच्या अंतरावर आणि मधे महामार्गाची लोखंडी जाळी. पुढचा फाटा कितीतरी लांब. ऊन चढत होतं.

भाऊजींनी मदतीच्या नंबरला फोन लावला. क्रेन येतेय म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला आणि बॉनेटवर उडालेले थेंब पुसायला लागले.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "भाऊजी, क्रेन गाडी उचलंल. फुलांचं काय? घंट्याभरात ही माना टाकतील."

"गाडी सोडून कसं जावं, वहिनी? कुणी घासून गेलं तं?"

मला हसावं की ओरडावं कळेना. खाली त्यांची बायको उभी होती, तिचं सगळं साल माझ्या हातातल्या टोपलीत होतं, आणि हा बाप्या बंद पडलेल्या पत्र्याला ओरखडा पडेल म्हणून भीत होता. मी म्हटलं, "घासू द्या. अजून काय वाईट व्हायचं राहिलंय तिचं? आज ही फुलं खाली गेली नाहीत, तर ते वावर हॉटेलवाल्याला जाईल. तुम्हाला तेच पाहिजे असेल, तर तसं तोंडानं म्हणा. मी टोपली इथंच ओतते."

त्यांनी रुमाल खिशात घातला. कठड्यापाशी येऊन खाली पाहिलं. मग मला म्हणाले, "आपण उभं हाये ना, बराबर इथं खाली विहीर होती."

"होती," मी म्हटलं.

"नाल्यापाशी जाळी खालून उचकलेली हाये. माणूस जातो तिथून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"येतो मी कधी कधी. संध्याकाळचं. बसतो थोडा वेळ अन् जातो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मंगलला सांगू नका."

इतके महिने मी त्या माणसाला चहाच्या टपरीवर, गाडीच्या मागे, पुढे, शेजारी उभा असलेलाच पाहिला होता. विहीर गेल्याचं याला काहीच वाटलं नाही, अशी माझी खात्री होती. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून त्यांचा आणखी राग आला. इतकं दुखत होतं तर हे सोंग आणलं कशाला? गेलेल्या विहिरीवरून दोनशेनं गेलं की दुखायचं थांबतं, असं यांना कुणी सांगितलं होतं? त्या डॉक्टरनं?

त्यांनी पांढरे बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली, टोपली डोक्यावर धरली आणि भरावावरून घसरत खाली गेले. नाल्याच्या चिखलात गुडघाभर रुतले, पण टोपली हलू दिली नाही. जाळीखालून आधी टोपली सरकवली, मग स्वतः पोटावर सरपटत गेले. बांधावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. शांताबाईचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला, "आले गं! मोटारवाले आले, नाल्यातून आले!" आणि बायांचं जे हसू फुटलं, ते महामार्गावरच्या गाड्यांच्या आवाजातही बुडालं नाही.

मंगल हसली नाही. तिनं फडकं उचललं, एक फूल बोटावर घासून पाहिलं, आणि फुलं भराभर बायांच्या ओट्यांत वाटली. टोपलीच्या तळाला शेवटची मूठ राहिली, ती भाऊजींच्या हातात दिली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण तिनं एका ओळीकडे बोट दाखवलं आणि ते निमूट तिकडे गेले.

त्या दिवसानं प्लॉट वाचवला. वावर राहिलं. हे सगळं नंतरचं. तेव्हा मी वर उभी होते, एका बंद पडलेल्या जर्मन गाडीची राखण करत, आणि खाली बघत होते. पांढऱ्या शर्टातला चिखलानं भरलेला माणूस ओळीत वाकला होता. टोपी काढायची, फूल फिरवायचं, पुढे सरकायचं. हात थोडे अडखळत होते, मग अडखळेनासे झाले.

क्रेन आली. ड्रायव्हर उतरला, त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मान हलवली. "काय मशीन हाये, ताई! मालक कुठंयत?"

मी खाली बोट दाखवलं. त्याला खरं वाटेना. त्यानं कठड्यापाशी जाऊन तोंडाशी हात धरला आणि ओरडला, "ओ साहेब! गाडी कुठं टाकायची? जल्दी सांगा, इथं थांबता येत न्हाई!"

विलास भाऊजींनी वर पाहिलंच नाही. एका हातात फूल होतं, तोच हात त्यांनी उचलला.

"थांब जरा!" ते खालून ओरडले. "एवढी ओळ होऊ दे!"